हात लावून तपासणारी बाई

लीयुआन ठाण्याच्या आतल्या खोलीला दोन कुलुपं होती. एकाची चावी गोंग शूलानकडे, दुसऱ्याची कांग छांगशुनकडे. एकट्याने आत जायची परवानगी दोघांपैकी कुणालाच नव्हती. एकाने आत काम करायचं, दुसऱ्याने दारात उभं राहून त्याच्याकडे बघायचं, आणि बाहेर आल्यावर दोघांनी सही करायची. सकाळची फेरी शूलानची, संध्याकाळची कांगची.

आत बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. लोखंडी कपाटांची रांग, पंख्यांची घरघर, आणि मागच्या अंगाला फायबरच्या पिवळ्या तारा, प्रत्येक तारेचं टोक एका निळ्या जोडणीत अडकवलेलं. दक्षिणेकडून येणारी गुप्त किल्ली या तारांतून येई आणि उत्तरेला जाई. किल्ली म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. बँका आणि वीज कार्यालयं आपले निरोप तिने कुलूपबंद करत. ही माळ प्रकाशाच्या इतक्या क्षीण ठिपक्यांवरून पाठवली जाते, की वाटेत कुणी डोकावलं तर ठिपके बिघडतात, चुका वाढतात आणि दोन्ही टोकांना ते कळतं. अडचण अंतराची. शे-दीडशे किलोमीटरनंतर ठिपके विरून जातात आणि त्यांना मधे जोर देता येत नाही, कारण जोर द्यायचा तर आधी ते वाचावे लागतात. म्हणून हेफेई शहराहून उत्तरेला जाणाऱ्या लाइनवर मधे मधे ठाणी बांधली होती. ठाण्यात किल्ली उतरवून घ्यायची, पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा बांधायची. त्या मधल्या क्षणाला ती ठाण्यातल्या यंत्रात उघडी असे. भौतिकशास्त्राची हमी तिथे संपायची. तिथून पुढे हमी गोंग शूलान आणि कांग छांगशुन यांची.

शूलान ठाण्याच्याच गावची. माहेरची नाशपातीची बाग, नवरा त्याच नाशपातीचा ट्रक घेऊन दक्षिणेला जाणारा. ठाण्यासाठी निवड होण्याआधी तिच्या माहेरची, सासरची, दिरांचीही चौकशी झाली होती. शेजारणीने चौकशीला आलेल्यांना सांगितलं होतं, बाई भांडखोर आहे, पण चोर नाही. शूलान हे स्वतःच हसून सांगायची.

तिची फेरी इतरांपेक्षा लांब चाले, त्याला कारण होतं. प्रशिक्षणात शिकवणाऱ्याने एका तारेवर बोटाच्या पेराएवढी पिवळी नळी आधीच बसवून ठेवली होती. अशा नळीतून थोडासा प्रकाश गुपचूप बाहेर काढता येतो. सगळ्या वर्गाला कपाटासमोरून रांगेने नेलं. सगळे म्हणाले, ठीक आहे. शूलानही म्हणाली. मग त्याने सगळ्यांना डोळे मिटून तारांवरून हात फिरवायला लावला, आणि एकूण एक हात त्या नळीपाशी अडला. नियमातलं वाक्य तेव्हा तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच: प्रत्येक जोडणी हाताने तपासावी. ती रोज सकाळी प्रत्येक जोडणी चिमटीत धरून दाबायची आणि तारेवरून दोन बोटं शेवटपर्यंत फिरवायची.

दारात उभा असलेला कांग चहाची बाटली हलवत म्हणायचा, "शूलान, तू तारांची रोज नाडी बघतेस. एखादी म्हणेल, बाई, मला काही झालं नाही, माझा हात सोड."

"तुम्ही दार सोडू नका म्हणजे झालं, कांगदादा."

कांग तिच्यापेक्षा बराच मोठा. तरुणपणी सैन्यात बर्फात टेलिफोनच्या तारा ओढताना त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं थंडीने गेली होती. दिसायला धड, पण त्यांना काही कळत नसे. ठाण्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात फेरी करताना त्याच्या हातून एक जोडणी उपटली गेली आणि लाइन पडली. दोघांनी मिळून वर कळवलं, जोडणी सैल होती. तेव्हापासून कांग संध्याकाळच्या फेरीत हात पाठीमागे बांधून कपाटांमागून चालत जाई, नीट बघे आणि बाहेर येई. दारात शूलान असे. बाहेर आल्यावर दोघं सही करत. याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. बोलण्याची वेळ लुआन इंजिनिअर आल्यावर आली.

लुआन हेफेईच्या संस्थेतला, चाळिशीच्या आतला, सारखा चष्मा पुसणारा. त्याने सोबत आणलेल्या नव्या पद्धतीत दोन्ही टोकांनी आपापले ठिपके मधल्या ठाण्याकडे पाठवायचे. ठाण्याने ते फक्त एकमेकांवर पाडायचे आणि काय दिसलं ते उघड जाहीर करायचं. त्या जाहीर केलेल्यावरून टोकांना आपली किल्ली जुळवता येते, ठाण्याला मात्र किल्ली काय ते कळतच नाही. शिवाय अंतर जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे निम्मी ठाणी बंद करता येतात. जुनी यंत्रं खोलीतून निघाली, नवी आली. दोन्ही टोकांकडे जाणाऱ्या पिवळ्या तारा त्याच राहिल्या.

"म्हणजे इथं बसलेला माणूस चोर असला तरी चालेल?" कांगने विचारलं.

"चालेल, कांगकाका. ठाणं शत्रूच्या घरात असलं तरी चालेल."

"ऐकलंस, शूलान? इतकी वर्षं उगाच प्रामाणिक राहिलो."

शूलान हसली नाही. तिने विचारलं, "मग आमची फेरी?"

"नियम सुरक्षा शाखेचा आहे, माझा नाही. चाचणी संपेपर्यंत जे चाललंय ते चालू द्या, गोंगताई."

चाचणी महत्त्वाची होती. ठराविक मुदतीत सलग किल्ली निघाली तर ही पद्धत सगळ्या लाइनवर बसणार होती. उत्तरेकडच्या दुसऱ्या ठाण्यावरही हीच यंत्रं बसवली होती आणि तिथे सगळं सुरळीत होतं. लीयुआनला मात्र रोज सकाळी पडद्यावरची चुकांची रेघ उडी मारायची. मर्यादा ओलांडली की यंत्र तोवरची सगळी किल्ली फेकून द्यायचं आणि स्वतःला पुन्हा जुळवत बसायचं. जुळायला दुपार व्हायची. लुआनने एसी तपासला, जमिनीखालची केबल तपासली, बाजारातल्या सिमेंटच्या गाड्या वेगळ्या रस्त्याने वळवून पाहिल्या. रेघ सकाळी उडायची ती उडायचीच. यंत्राला बिघाड आणि हेर यांत फरक करता येत नाही. ते दोघांनाही हेरच समजतं, आणि तेच तर त्याचं काम. अहवाल मुख्य कार्यालयात गेला आणि तिथून सुरक्षा शाखेचे ताओ आले.

ताओसाहेबांचा आवाज कधी चढत नसे. त्यांनी पहिल्या दिवशी दोघांचे फोन ताब्यात घेतले, खोलीच्या दारावर एक कॅमेरा बसवायला सांगितला आणि शूलानला बाहेरच्या खोलीत समोर बसवलं.

"कॉम्रेड गोंग, सकाळच्या फेरीत तुम्ही काय करता?"

"नियमात आहे ते."

"नियम सगळ्या ठाण्यांना एकच आहे. उत्तरेच्या ठाण्यावर सकाळी फेरी होते, संध्याकाळी होते. तिथे रेघ हलत नाही. इथे संध्याकाळी कांग फेरी करतात, तेव्हाही हलत नाही. फक्त तुमच्या फेरीत हलते. म्हणजे नियमात आहे त्याच्यापेक्षा जास्त काहीतरी तुम्ही करता."

शूलानला तेव्हाच उलगडलं. जास्त ती काही करत नव्हती. बाकीचे कमी करत होते. पण हे सांगायचं म्हणजे कांगचं नाव घ्यायचं, आणि कांगचं नाव घेतलं की प्रत्येक संध्याकाळच्या खाली असलेली स्वतःची सहीही आलीच. वसंतसणाला, म्हणजे नव्या वर्षाच्या सुरुवातीला, कांग निवृत्त होणार होता. गावाकडे त्याने जेवणावळीसाठी डुक्करही सांगून ठेवलं होतं.

"कांग फेरी करतात तेव्हा दारात तुम्ही असता," ताओ म्हणाले. "ते आणि तुम्ही सारखीच फेरी करता?"

"ते कांगदादांना विचारा."

"परवा सकाळी माझ्यासमोर फेरी होईल. त्याआधी काही सांगायचं असेल तर सांगा. नंतर तुमच्या फाइलवर शेरा जाईल तो पुसता येत नाही. हेरगिरीचा संशय. तो मुलांच्या फाइलवरही जातो, तुम्हाला माहीत आहे."

शूलानला माहीत होतं. तिच्या आत्याच्या घरात असा एक जुना शेरा होता, आणि त्याचं मूळ कारण कुणालाच आठवत नव्हतं. शेरा तेवढा होता.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीआधी कांग तिला सा-थांगच्या, म्हणजे अंड्याच्या गरम रश्श्याच्या, गाडीपाशी भेटला. दुकानदाराने वाटीत अंडं फेटून त्यावर उकळता रस्सा ओतला आणि सोबत तव्यावरच्या पातळ पोळ्या ठेवल्या. दोघं बाकाच्या एकाच बाजूला, रस्त्याकडे तोंड करून बसले.

"काय विचारलं?" कांगने विचारलं.

"तुम्हाला माहिताय काय विचारलं."

"माझं नाव घेतलंस?"

"मी म्हणाले, ते कांगदादांना विचारा."

"वा! म्हणजे साप माझ्या पायात सोडलास आणि वर म्हणालीस, मी काही केलं नाही."

"मग काय म्हणायचं होतं? कांगदादा पण हात लावतात म्हणून?"

कांगने पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवला. तो बोटांतून निसटून वाटीत पडला. त्याने तो चमच्याने काढला. "ऐक. उद्या तूही नुसती बघ. हात मागे, चालत जा, बाहेर ये. रेघ सरळ राहील. लुआनची चाचणी पार पडेल, ताओ गाडीत बसेल. कुणाचं काय गेलं?"

"इतके दिवस उडत होती, आणि ताओसाहेब समोर बसल्यावर सरळ राहिली. ते काय म्हणतील? पाळत होती म्हणून बाईने हात आवरला. त्यांना आणखी काय पुरावा पाहिजे?"

हे कांगच्या डोक्यात आलं नव्हतं. दुकानदाराने विचारलं, "तात्या, अजून एक वाटी?" कांगने मान हलवली, हो की नाही ते दुकानदाराला कळलं नाही, आणि त्याने वाटी आणून ठेवली.

"आणि लावलास हात, तरी रेघ उडणार," कांग म्हणाला.

"हो."

"दोन्हीकडून तूच."

"हो."

"मग तू करणार काय?"

"फेरी," शूलान म्हणाली. "रोज करते तशी." ती उठली. दुसरी वाटी तशीच वाफाळत राहिली.

फेरीच्या सकाळी बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर लुआन आणि ताओ बसले. आतलं दार उघडं ठेवलं होतं. दोघांनी आपापली कुलुपं उघडली. कांग दारात थांबला. ताओंनी शूलानला खिसे रिकामे करायला लावले, अंगठी काढायला लावली. केसांची पिनही तिने न सांगता काढून टेबलावर ठेवली.

ती कपाटांच्या मागे गेली. पहिली जोडणी चिमटीत धरली, दाबली, तारेवरून बोटं फिरवली. पडद्यावरची रेघ किंचित थरथरली. दुसरी जोडणी. रेघ उठली, मर्यादेच्या लाल खुणेवर गेली आणि तिथेच राहिली. यंत्राने बारीक आवाज केला. तोवरची किल्ली गेली.

"थांबा," ताओ म्हणाले. "बाहेर या."

ती बाहेर आली. ताओंनी तिचे तळहात उलटसुलट करून पाहिले. हातात काहीच नव्हतं. रिकामे हात पाहून त्यांचा चेहरा अधिकच बंद झाला. लुआन पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "गोंगताई, आत नेमकं काय केलंत?"

"फेरी."

"आता कांग," ताओ म्हणाले. "तीच फेरी. तशीच."

यंत्र पुन्हा जुळेपर्यंत थांबावं लागलं. लुआनने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. शूलान दारात उभी राहिली, कारण आता दाराची पाळी तिची होती. नियमाप्रमाणे तिने कांगच्या हातांकडे बघायचं होतं. ती बघत राहिली. अखेर रेघ खाली येऊन सपाट झाली तशी ताओंनी कांगला आत जायची खूण केली.

कांग आत गेला तेव्हा त्याचे हात सवयीने पाठीमागे बांधलेले होते. तसेच ठेवून तो पहिल्या कपाटापासून शेवटच्या कपाटापर्यंत चालत गेला असता तर रेघ सपाट राहिली असती, तो वसंतसणाला घरी गेला असता आणि शूलानच्या फाइलवर शेरा गेला असता. पहिल्या कपाटाच्या मागे तो उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"अडलंय काय?" ताओंनी बाहेरून विचारलं.

कांगने हात पुढे आणले. उजवा हात खाली ठेवून त्याने आधी डावा उचलला, मग विचार बदलला आणि उजवाच पुढे केला. बोटं निळ्या जोडणीभोवती बसली की नाही हे त्याला डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं. त्याने दाबलं. रेघ थरथरली. तो दुसऱ्या जोडणीकडे गेला, तारेवरून हात फिरवला, आणि तार त्याच्या हातात आली. पडद्यावरची रेघच नाहीशी झाली आणि यंत्राने मोठ्याने ओरडायला सुरुवात केली.

"सोडा! सोडा ती! हात काढा, काका!" लुआन खुर्चीतून उठून आत धावला. तार त्याने कांगच्या हातातून घेतली आणि क्षणभर तशीच धरून उभा राहिला. "तुम्ही यांना हात लावता?" तो म्हणाला. "दोघंही? रोज?"

"नियम आहे," शूलान दारातून म्हणाली. "प्रत्येक जोडणी हाताने तपासावी."

"मी वेळापत्रकात नुसतं ‘तपासणी’ वाचलं आणि बघणं समजलो." लुआन ताओंकडे वळला. "साहेब, या पद्धतीत तार केसाएवढी वाकली तरी आतल्या प्रकाशाची चाल बदलते. हात लावणं आणि हेर बसवणं यंत्राच्या लेखी एकच. माझी चूक आहे ही. मी विचारायला हवं होतं."

ताओंना त्याच्या चुकीत रस नव्हता. ते कांगकडे बघत होते. "मग रोज संध्याकाळी रेघ का हलत नाही?"

कांगने आपली बोटं दुसऱ्या हाताने चोळली. "कारण रोज संध्याकाळी मी नुसता बघतो. बोटं मेलेली आहेत. बघितलंत ना आता, लावला की काय होतं ते?"

"आणि कॉम्रेड गोंग दारात उभ्या राहून सही करतात."

"करते," शूलान म्हणाली.

"मग उत्तरेच्या ठाण्यावर," लुआनने सुरुवात केली आणि तो थांबला. तिथे सकाळीही रेघ हलत नव्हती, संध्याकाळीही नाही. त्याचा अर्थ खोलीतल्या चौघांनाही एकाच वेळी कळला. ताओंनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

संध्याकाळी ताओंनी शेरा लिहून आणला. हेरगिरीचा शब्द त्यात नव्हता. कांगच्या नावावर: फेरी केवळ नजरेने केली. शूलानच्या नावावर दोन ओळी: अशा फेरीवर सही केली, आणि जोडण्यांना हात लावल्यामुळे चाचणीत व्यत्यय आला.

कांगने वाचलं आणि सही केली. शूलानने वाचलं आणि कागद परत सरकवला.

"पहिली ओळ बरोबर आहे," ती म्हणाली. "दुसरी अपुरी आहे. ‘नियमाप्रमाणे’ लिहा. नियमाप्रमाणे हात लावल्यामुळे."

"त्याने काय फरक पडतो? व्यत्यय आला हे खरं आहे."

"उद्या कुणी वाचलं तर वाटेल, बाई उगाच तारांशी खेळत होती."

तो शब्द लिहिला की वाचणारा पुढचा प्रश्न विचारणार होता: नियमाप्रमाणे हात लावल्यावर रेघ हलते, तर उत्तरेच्या ठाण्यावर ती का हलली नाही? आणि त्या ठाण्यासकट सगळ्या ठाण्यांच्या फेऱ्यांवर ताओंच्याच शाखेचा शिक्का होता.

"सही करा, कॉम्रेड गोंग. स्वस्तात सुटलात."

"लिहा, मग करते."

"नाही केलीत तर जुना संशय खुला राहील."

"राहू दे."

कांग खिडकीपाशी उभा होता. तो न वळता म्हणाला, "साहेब, चौकशीला आलेल्यांना हिच्या शेजारणीनं सांगितलं होतं, बाई भांडखोर आहे. ते फाइलमध्ये असेलच. वाचलं नाहीत काय?"

लुआन हसला आणि चष्मा पुसू लागला. ताओंची गाडी अंगणात चालू अवस्थेत उभी होती. त्यांनी दुसऱ्या ओळीच्या वर, दोन शब्दांच्या मधे खूण करून तो शब्द बारीक अक्षरात लिहिला आणि बाजूला आपली छोटी सही केली. शूलानने ओळीखाली बोट ठेवून ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग सही केली.

फेऱ्या त्याच दिवसापासून बंद झाल्या. रेघ मुदतीच्या शेवटापर्यंत सपाट राहिली आणि लुआनची पद्धत लाइनवर आली. चाचणीच्या ठाण्यांना लेखी आदेश गेला, की जोडण्यांना कोणत्याही कारणाने हात लावू नये. बाकी ठाण्यांबद्दल कुणी काही विचारल्याचं ऐकिवात नाही. कांगच्या जेवणावळीला शूलान नवऱ्यासह गेली होती. तिथे कांगने सगळ्यांसमोर प्याला उचलून सांगितलं, "नवा नियम पाळणारा सगळ्या लाइनवरचा पहिला माणूस मी. नियम निघायच्या आधीपासून पाळत होतो."

लीयुआनच्या आतल्या खोलीला आता एकच कुलूप आहे. चावी बाहेर खिळ्याला टांगलेली असते. पंखे पुसायला येणारा माणूस ती घेतो आणि एकटाच आत जातो. शूलान गावातल्या टेलिफोन कार्यालयात बदलून गेली. तिथे ती घराघरांत फायबर जोडून देते, आणि जोडून झाल्यावर प्रत्येक जोडणी चिमटीत धरून दाबून बघते.